पंधरा ऑगस्टला गावातल्या वीर जवानांना मानवंदना : तयारी कशी करावी

पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीसमोर किंवा शाळेच्या आवारात वीर जवानांची नावं कोरलेला चौथरा असतो. झेंडावंदन रीतसर होतं, पण चौथऱ्यावरचा कार्यक्रम बहुधा घाईत उरकला जातो. तो नीट व्हायचा तर पंधरा दिवस आधी कामाला लागावं, आणि सुरुवात नावांपासून करावी.

दगडावरची नावं तपासल्याशिवाय वाचू नयेत. कोरताना हुद्दा, पलटण किंवा तारीख चुकली, तर तीच चूक वर्षानुवर्षं माइकवरून वाचली जाते. घरच्यांकडची सैन्याची कागदपत्रं पाहावीत. शंका उरली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. सगळ्यांना सरसकट ‘शिपाई’ म्हणू नये. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला (सैन्याचं अभियंता दल) असेल तर ‘सॅपर’, तोफखान्यातला ‘गनर’, सिग्नल्समधला (संदेशवहन दल) ‘सिग्नलमन’. हुद्दा, नाव, पलटण, वीरगतीची तारीख आणि ठिकाण, असा एकेकाचा एक कागद मोठ्या अक्षरांत लिहावा. वाचणाऱ्यानं घरी जाऊन नावाचा उच्चार ऐकून यावा.

त्याच भेटीत वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी यांना आमंत्रण द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवून हे काम होत नाही. पुष्पचक्र कोण वाहणार, बोलायची इच्छा आहे का, फोटो चालेल का, हे तिथंच विचारावं. नको म्हणाले तर आग्रह करू नये. त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत आणि छपराखाली असाव्यात. ऑगस्टात पाऊस येणारच.

चौथरा चार दिवस आधी धुवावा. मऊ ब्रश, पाणी, थोडा सौम्य साबण एवढं पुरतं. संगमरवराला अ‍ॅसिड लावू नका, वरचा थर विरघळतो आणि अक्षरं कायमची बोथट होतात. अक्षरांत रंग भरायचा तर दगड पूर्ण कोरडा हवा, नाहीतर पापुद्रे सुटतात.

झेंड्याचं प्रमाण ३:२. वीस फुटी खांबाला साडेचार बाय तीन फुटांचा झेंडा शोभतो. सुती दोरी भिजून फुगते आणि कप्पीत अडकते, म्हणून नायलॉनची घ्यावी. लांबी खांबाच्या दुप्पट आणि वर चार-पाच फूट. कप्पीला तेल द्यावं. घडीत पाकळ्या मूठभरच आणि कोरड्या ठेवाव्यात, ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात. घडी सुरगाठीनंच बांधावी. निरगाठ बसली आणि दोरी ओली झाली, की कितीही ओढली तरी झेंडा उलगडत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी एकदा झेंडा चढवून पाहावा आणि केशरी पट्टा वर येतो ना, याची खात्री करावी.

वेळ ठरवताना शासकीय मुख्य ध्वजारोहणाच्या वेळेचं परिपत्रक पाहावं. कार्यक्रमाचा क्रम असा : झेंडा, राष्ट्रगीत (सुमारे ५२ सेकंद), मग चौथऱ्याकडे वळून नावांचं वाचन, पुष्पचक्र, बिगुल आणि दोन मिनिटं स्तब्धता. भाषणं त्यानंतर, तीही मोजकी. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला तर थांबू नये. वृद्ध वीरमातेला ताटकळत ठेवणं हा तिच्या मुलाचा अपमान आहे. प्रत्येक नावानंतर तीन-चार सेकंद थांबावं. बिगुल वाजवणारा नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल, मात्र ते फोनमध्ये उतरवून घ्यावं आणि फोन विमान मोडवर ठेवावा, म्हणजे ऐन स्तब्धतेत रिंग वाजणार नाही.

श्रद्धांजली आहे म्हणून झेंडा अर्ध्यावर आणा, असं कुणीतरी सुचवतंच. स्वातंत्र्यदिनी तसं करायचं नसतं, तो पूर्ण उंचीवरच राहतो. झेंड्यावर किंवा खांबाच्या टोकावर हार घालू नये, आणि चौथरा झेंड्यानं झाकून त्याचं अनावरणही करू नये. हार, पुष्पचक्र चौथऱ्याच्या पायाशी ठेवावं.

मुलांच्या हातातले कागदी झेंडे मैदानावर पडतात, ते वेचायला दोघांना आधीच नेमावं. झेंडा सावकाश उतरवावा. भिजला असेल तर सावलीत वाळवूनच घडी घालावी, ओला ठेवला तर बुरशीचे डाग पडतात. फाटलेला असेल तर पुढच्या वर्षी चढवू नये. तो खासगीत, सन्मानानं, शक्यतो जाळून नष्ट करावा. तपासलेल्या नावांचे कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करावेत आणि दगडावरची चूक दुरुस्त करण्याचा ठराव पुढच्याच ग्रामसभेत मांडावा.