जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देतोय? दोष असा शोधा

आपल्याकडे गाडीचा हीटर वर्षानुवर्षं बंदच असतो. नॉब निळ्या पट्टीवरून हलत नाही, त्यामुळे हीटर बिघडलाय हे कळतं ते थेट मनालीच्या पुढे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल हिवाळ्यातही गाडीच्या टप्प्यात आलं. पुण्या-नाशकाहून जुनी झेन, सँट्रो किंवा इंडिका घेऊन तिकडे जायचं मनात असेल, तर हीटर घरीच तपासून घ्या. लाहौलमधलं केलाँग 3,000 मीटरच्या वर आहे. तिथे रात्रीच्या थंडीत आतून धुरकटलेली काच पुसत गाडी चालवणं धोक्याचं आहे.

हीटरला स्वतःची आच नसते. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्या जाळीतून हवा फुंकतो. म्हणून प्रश्न तीनच: कूलंट पुरेसं तापतंय का, ते कोअरपर्यंत पोचतंय का, आणि हवा कोअरमधून जातेय का? याची उत्तरं मिळाल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. 'थर्मोस्टॅट बदलून बघू, मग पंप बदलून बघू' या पद्धतीत पैसे जातात आणि हीटर कोमटच राहतो.

आधी तक्रार नीट ठरवा

हवा कमी येते की हवा गरम नाही? हवाच कमी असेल तर कूलंटचा संबंध नाही. केबिन फिल्टर असेल तर तो काढून बघा; पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत गेलेला पालापाचोळाही तिथेच साठतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडलाच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. हे काम स्वस्त आणि सोपं आहे. हवा जोरात येते पण कोमट, तर पुढे वाचा.

थंड इंजिनावर कूलंट बघा

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनावर ते कधीही उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं कूलंट थेट अंगावर येतं. पातळी झाकणाच्या तोंडापर्यंत हवी. नुसती रेडिएटरजवळची कूलंटची जादा बाटली भरलेली आहे म्हणून समाधान मानू नका, कारण झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं. कूलंट कमी पडलं की पहिला फटका हीटरलाच बसतो.

आता रंग बघा. गंजकट तांबडं पाणी दिसलं तर गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी टाकलंय असं समजा. आणखी एक गोष्ट विचारा, जुन्या मालकाला किंवा मेकॅनिकला: रेडिएटर गळत होता तेव्हा हळद टाकली होती का? हा उपाय रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवतो खरा, पण ती हळद आणि बाजारातली गळती-बंद पावडर हीटर कोअरच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसते.

थर्मोस्टॅट आहे तरी का?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्याकडे सगळ्यात आधी विचारण्यासारखा हाच आहे. 'काढून टाका, गाडी तापणार नाही' असं सांगून अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकतात. मग कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, उन्हाळ्यात कुणाला काही जाणवत नाही, आणि थंडीत इंजिन तापतच नाही. पेट्रोल जास्त जातं, इंजिनची झीजही वाढते.

ओळखायचं कसं? थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, हात लावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय. दुसरी खूण रस्त्यावर दिसते: शहरात मधे असणारा तापमानाचा काटा हायवेला किंवा घाट उतरताना खाली येतो.

काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा असेल तर जुन्या पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, सोबत स्वयंपाकाचा थर्मामीटर सोडा आणि गॅस मंद ठेवा. बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास झडप उघडू लागते. नेमका आकडा बऱ्याचदा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. गार पाण्यातच फट दिसत असेल तर तो बाद.

डिझेल गाडीवाल्यांनी थोडा धीर धरावा. डिझेल इंजिन मुळात वाया कमी उष्णता घालवतं, त्यामुळे उभ्या गाडीत ते फार सावकाश तापतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्याशिवाय हीटरला नावं ठेवू नका.

दोन नळ्यांना हात लावा

खरं निदान इथे होतं. बोनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात, म्हणजे फायरवॉलमध्ये, बोटाएवढ्या जाडीचे दोन रबरी होज शिरताना दिसतील. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा, नॉब पूर्ण लाल पट्टीवर ठेवा, इंजिन बंद करा आणि दोन्ही होजना जपून स्पर्श करा. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही फिरू शकतो, हात त्यापासून लांब ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण कोविडच्या काळात घेतलेली कपाळाला लावायची बंदूक इथे चालत नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच मोजते.

दोन्ही होज चटका बसेल इतके गरम असतील, तर कूलंट कोअरमधून नीट फिरतंय. दोष डॅशबोर्डच्या आत आहे: गरम-गार हवा मिसळणारी झडप सरकत नाही. जुन्या गाड्यांत ती केबलने चालते आणि केबलची छोटी क्लिप निसटलेली असते. एकाला नॉब फिरवायला सांगा आणि टॉर्च घेऊन खालून बघा, खटका हलतो का. हवेच्या तोंडातून काळ्या स्पंजचे कण बाहेर पडत असतील, तर झडपेवरचा फोम कुजलाय आणि गार हवा बाजूने निसटतेय.

एक होज गरम आणि दुसरा गार किंवा कोमट असेल, तर वाट अडली आहे. आधी बघा, त्या होजवर पाण्याचा व्हॉल्व्ह आहे का. काही जुन्या गाड्यांत असतो, आणि न वापरल्याने बंद स्थितीतच चिकटतो. व्हॉल्व्ह मोकळा असेल तर कोअर तुंबलाय.

दोन्ही कोमट? मग कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा सिस्टिममध्ये हवा अडकली आहे. रेस दिल्यावर हवा गरम आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गार, असं होत असेल तर आधी सिस्टिममध्ये अडकलेली हवा काढा (कृती शेवटी दिली आहे). तरीही फरक नाही पडला तर वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, उघडून बघायला हवा. साध्या पाण्याने त्याची पाती गंजून झिजतात.

तुंबलेला कोअर धुताना

इंजिन पूर्ण थंड हवं. फायरवॉलजवळचे दोन्ही होज सोडवायचे, पण ओढून किंवा पिळून नाही. वर्षानुवर्षं चिकटलेलं रबर पिळलं की कोअरची पातळ नळी वाकते किंवा तुटते, आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यापेक्षा होजला उभी चीर देऊन सोलून काढा आणि नवा तुकडा लावा. होज स्वस्त आहे. बागेचा पाइप कूलंट बाहेर पडतं त्या बाजूला जोडून मंद धारेने उलटं पाणी सोडा, मग दिशा बदला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ॲसिड अजिबात नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. निघालेलं कूलंट बादलीत धरा आणि झाकून ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं आणि लहान मुलं त्याला तोंड लावू शकतात.

दोन लक्षणं दिसली तर थांबा

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर पुसूनही न जाणारा चिकट थर आणि मॅटखाली ओल, म्हणजे कोअर फुटलाय. एसीचं पाणीही मॅट भिजवतं, पण ते चिकट नसतं. दुसरं, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, कूलंट कारण नसताना कमी होतं आणि ऑइल दुधाळ दिसतं. हे हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं दुखणं आहे. हीटर बाजूला ठेवून आधी ते काम करून घ्या.

भरणं आणि हवा काढणं

इथिलीन ग्लायकोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. तयार मिश्रणाचा डबा घेत असाल तर त्यावरचा गोठणबिंदू वाचा. नुसतं 'कूलंट' लिहिलंय म्हणून भरवसा ठेवू नका. साधं पाणी भरलेली गाडी लाहौलला उभी केली तर रात्रीत इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, नॉब पूर्ण लाल, झाकण काढलेलं. थंड इंजिन चालू करून वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. हळूहळू भरत राहा, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होईपर्यंत, आणि मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडं भरावं लागतं. त्यानंतर पहाटे हायवेला एक चक्कर मारा आणि पायाकडच्या हवेच्या तोंडात थर्मामीटर धरा. 50 अंशांच्या आसपास आकडा दिसला की हीटर तयार आहे.