गरम झाल्यावर बंद पडणारी मोटारसायकल

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की माझी कार्ब्युरेटरची मोटारसायकल होटगी रस्त्यावर इंजिन तापताच बंद पडे आणि निवल्यावर पहिल्याच किकला सुरू होई. टाकीचे झाकण उघडूनही फरक पडला नाही, म्हणजे झाकणातले हवेचे छिद्र तुंबलेले नव्हते. मग गाडी बंद पडताच दुसरा चांगला स्पार्क प्लग त्याच्या वायरच्या टोपीत बसवून इंजिनाच्या हेडला (वरच्या धातूच्या भागाला) टेकवला आणि किक मारली, तर ठिणगीच नव्हती. ही तपासणी तापलेल्या इंजिनावरच करावी, कारण थंड गाडीत हा दोष लपून राहतो. मल्टिमीटरवर पल्सर कॉइलचा (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणाऱ्या कॉइलचा) रोध थंड असताना सुमारे २०० ओहम दिसे, तापल्यावर मात्र सर्किट तुटलेले दाखवी, कारण आतली बारीक तार उष्णतेने सुटत होती. नवी कॉइल बसवल्यापासून गाडी भर दुपारीही अक्कलकोटपर्यंत न थांबता जाते.