पारपटलाची जाडी: दोन मापनपद्धतींची तुलना कशी करावी

पारपटलाची, म्हणजेच कॉर्नियाची, मध्यभागातील जाडी प्रौढांमध्ये साधारणपणे 540 मायक्रॉनच्या आसपास असते. मात्र हा आकडा कोणत्या यंत्राने घेतला हे केसपेपरवर लिहिलेले नसेल, तर मागच्या मोजणीशी त्याची सांगड घालता येत नाही.

अल्ट्रासाउंड पॅकीमीटरमध्ये बधिर करणारे थेंब टाकून प्रोब पारपटलावर टेकवतात आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1640 मीटर धरून जाडी काढतात. पारपटल कडेकडे जाड होत जात असल्यामुळे प्रोब मध्यापासून सरकला की आकडा फुगतो, म्हणजे येथे मोजणाऱ्याचा हातही मापनाचाच भाग असतो. शाइम्पफ्लुग कॅमेरा (पारपटलाच्या छेदांची छायाचित्रे घेणारा) आणि ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने थरांचे छेदचित्र घेणारी पद्धत) स्पर्श न करता प्रकाशाने मोजतात. परंतु पारपटल गढूळ असल्यास शाइम्पफ्लुगच्या आकड्यावर विसंबू नये.

तुलनेसाठी प्रत्येक व्यक्तीचा एकच डोळा घ्यावा आणि सर्व मोजण्या एकाच बैठकीत उरकाव्यात. झोपेत पारपटल किंचित सुजते, त्यामुळे उठल्यानंतरचे पहिले काही तास टाळावेत. स्पर्शविरहित पद्धती आधी आणि पॅकीमीटर शेवटी, हा क्रम मोडू नये, कारण थेंब आणि स्पर्श या दोहोंमुळे पुढचे माप बदलू शकते. शाइम्पफ्लुगच्या नकाशावर सर्वांत पातळ बिंदूचा आकडाही ठळक दिसतो. तो उचलून पॅकीमीटरच्या मध्यबिंदूशी ताडण्याची चूक फार सहज होते.

प्रत्येक यंत्राने किमान तीन वेळा मोजावे. जे यंत्र स्वतःशीच जुळत नाही, त्याची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्यानंतर दोन यंत्रांचे आकडे किती सोबतीने वाढतात-घटतात एवढेच सांगणाऱ्या सहसंबंध गुणांकावर समाधान मानू नये: एक यंत्र प्रत्येक वेळी 30 मायक्रॉन जास्त दाखवत असले, तरी हा गुणांक 1 च येईल. त्याऐवजी ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या पद्धतीने प्रत्येक डोळ्यासाठी दोन यंत्रांच्या आकड्यांतील फरक काढून त्या फरकांची सरासरी आणि प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत) पाहावे. समजा, सरासरी फरक 8 आणि प्रमाण विचलन 6 मायक्रॉन आले, तर विचलनाला 1.96 ने गुणून येणारा आकडा सरासरीतून वजा करून आणि सरासरीत मिळवून निघणारी, बहुतेक फरकांना सामावणारी मर्यादा साधारण उणे 4 ते अधिक 20 मायक्रॉन इतकी पसरते.

हा पसारा चालेल की नाही, हे गणित सांगत नाही. काचबिंदूच्या तपासणीत पारपटल पातळ आहे की जाड एवढेच ठरवायचे असेल, तर तो बहुधा खपून जातो. परंतु लेसिकनंतर (चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसरने पारपटल घासण्याची शस्त्रक्रिया) पारपटलाचा किमान 250 मायक्रॉनचा थर शिल्लक राहील का याचा हिशेब करताना 20 मायक्रॉनचा फरक शस्त्रक्रियेचा निर्णयच फिरवू शकतो, म्हणून तेथे एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या जागी वापरू नये.