डिसेंबरचा सल्ला: वाईनच्या लाल द्राक्षांत घडाभोवतीची पाने काढली का?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेल्या शिराज, काबरने सोव्हिन्यॉ आणि मर्लोच्या बागांसाठी हा सल्ला आहे. दिंडोरी, निफाड आणि आसपासच्या बहुतेक बागांत आता सेटिंग (फुलातून मणी धरणं) होऊन गेलंय, मणी ज्वारीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा झालाय. बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल. आधी बागेत जाऊन बघा, घडाभोवतीची पाने काढली आहेत का? नसतील तर उद्या सकाळी मजूर लावा.

इतकी घाई का, ते सांगतो. दरवर्षी फेब्रुवारीत तेच चित्र दिसतं. बाग बाहेरून हिरवीगार, काड्या तारेच्या वर गेलेल्या, शेतकरी खूश. तोडणीला हात आत घातला की निम्मे घड अंधारात वाढलेले निघतात. देठावर काळपट डाग, मण्यांवर तपकिरी जाळी, दोन मणी बाजूला केले की आत राख टाकल्यासारखी भुरी, म्हणजे बुरशी. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २३ लागलेला असतो, तरी वायनरीवाला माल परत पाठवतो किंवा दर पाडतो. शेतकरी म्हणतो, साखर तर आली होती. साखर येतेच. पानं भरपूर असली की साखर येणारच. लाल वाईनचा माल मात्र फक्त साखरेवर घेतला जात नाही.

थंड प्रदेशातल्या लाल वाईनला जगात मान का आहे, हे आपल्या बागायतदाराने नीट समजून घ्यायला हवं. फ्रान्समध्ये ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर टोकाला, एर्मिताजच्या टेकडीवर, आपण ज्याला शिराज म्हणतो तीच जात सिरा या नावाने लावतात. तिथली वाईन अंगाने भरीव, तरी आंबटपणा जिवंत, काळ्या मिरीचा आणि रानफळांचा वास असलेली. तीच जात कडक उन्हाच्या मुलखात लावली की वाईन जाड होते, अल्कोहोल चढतं, वास मोरंब्याकडे झुकतो आणि आंबटपणा गळून पडतो. त्या मिरीच्या वासामागचं रसायन ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधलं. त्याचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीत असतं तेच, आणि थंड हंगामात ते मण्याच्या सालीत जास्त साठतं. रंगाचंही तसंच आहे. दिवस उबदार आणि रात्री गार असल्या की सालीत रंग भरतो, पारा ३५ च्या वर गेला की रंग बनणं मंदावतं. मॅलिक आम्लही उष्णतेत लवकर जळून जातं, गारव्यात टिकतं.

आता आपलं गणित बघा. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढतं आणि शरदात, हवा गार होत असताना पिकतं. आपल्याकडे नेमकं उलट आहे. मणी वाढतो डिसेंबरच्या थंडीत, पाणी उतरतं (मणी मऊ पडून रंग धरतो) जानेवारीत, आणि पिकायची वेळ येते तेव्हा ऊन चढत असतं. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती खाली गेला याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. मार्चमध्ये तिथेच दुपारी ३५ अंश असतात. म्हणजे थंडीचा फायदा घ्यायला आपल्याला आत्तापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचेच आठवडे मिळतात. या आठवड्यांत घड पानांच्या ढिगाखाली राहिला तर थंडी असून उपयोग नाही, कारण रंग पक्का करणारी द्रव्यं उजेडावर बनतात.

काबरने आणि मर्लोत आणखी एक गोष्ट आहे. या जातींच्या कच्च्या मण्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास देणारं द्रव्य साठतं. सेटिंगपासून पाणी उतरेपर्यंत घडावर उजेड पडला तर ते कमी साठतं. पाणी उतरल्यावर पानं काढून फारसा फरक पडत नाही. म्हणून जानेवारीअखेर केलेली पानकाढणी मजुरीच्या मानाने काहीच देत नाही. उलट सावलीत वाढलेला मणी एकदम उन्हात आला की भाजतो.

कुणी म्हणेल, मिरीचा वास सावलीतल्या गार घडात जास्त राहतो, मग बाग झाकलेलीच बरी. वासापुरतं हे खरं आहे. पण आपल्याकडे सावलीबरोबर भुरी येते, फिका रंग येतो आणि चढा सामू (पीएच, तो चढला की आंबटपणा उतरतो) येतो. मिरीच्या वासासाठी एवढी किंमत मोजू नका. वेळेवर तोडणी केली तर तो वास शिराजमध्ये बऱ्यापैकी टिकतो.

पाने कशी काढायची

ओळी दक्षिणोत्तर असतील तर फक्त पूर्वेची बाजू उघडा. घडासमोरची आणि घडाखालची मिळून काडीच्या बुडाची ३ ते ४ पानं काढा. पश्चिमेची राहू द्या, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तीच घडाला वाचवतात. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर उत्तरेची बाजू मोकळी करा, दक्षिणेला हात बेताने चालवा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो. बुडाच्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी) त्याच फेरीत काढा. पान देठापासून खुडा. ओढून काढलं की सालपट निघतं आणि घडाला धक्का बसतो.

हे काम उक्ते देऊ नका. उक्त्यावर आलेली टोळी दोन्ही बाजू सोलून संध्याकाळी घरी जाते, आणि मग घड मार्चमध्ये भाजतात. रोजाने मजूर लावा, पहिली ओळ स्वतः करून दाखवा. झाल्यावर सकाळी नऊच्या सुमारास ओळीच्या पूर्वेला उभे राहा आणि सलग १० घड बघा. निम्म्याहून जास्त घडांवर थेट ऊन किंवा उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत. तीन-चारच दिसत असतील तर पुन्हा फेरी घ्या.

डॉगरिज खुंटावरच्या (खुंट म्हणजे कलमाखालचं मूळझाड) बागांना हे दुप्पट लागू आहे. डॉगरिजचा जोम मोठा, तो पालाश (पोटॅश) उचलतोही जास्त, आणि भारी काळ्या जमिनीत काड्या थांबता थांबत नाहीत. ११० आर खुंटावरची बाग त्या मानाने आटोक्यात राहते.

भुरी

हवामान खात्याच्या अंदाजात ‘ढगाळ’ शब्द दिसला की सावध व्हा. केवडा या दुसऱ्या बुरशीरोगाला पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. २० ते २७ अंश, ढगाळ हवा आणि दाट पाला एवढं तिला पुरतं. थेट ऊन तिला सोसत नाही. घड उघडा असेल तर निम्मी फवारणी सूर्यच करतो, आणि उरलेली औषधं घडापर्यंत पोहोचतात. झाकलेल्या बागेत ब्लोअर कितीही जोरात चालवा, औषध बाहेरच्या पानांवरच राहतं.

दुसरी गोष्ट, सेटिंगनंतरचे पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्यानंतर मणी नव्या भुरीला सहसा बळी पडत नाही, पण घडाचा देठ बळी पडतो. म्हणजे या महिन्यात भुरी अडवली तर पुढचा खर्च वाचतो, आणि या महिन्यात सोडली तर नंतर कितीही महाग औषध मारा, डाग पडलेला मणी पुन्हा स्वच्छ होत नाही. थोड्याशा भुरीनेही वाईनला बुरशीट, कडवट वास लागतो आणि तो पुढे काढता येत नाही. टेबल द्राक्षात घड कात्रीने साफ करता येतो. इथे सगळा माल एकत्र चिरडला जातो.

फवारणी अशी ठेवा:
- गंधक ८० डब्ल्यूडीजी, २ ग्रॅम प्रति लिटर. आधी हेच, आणि हेच स्वस्त.
- डाग दिसले तर हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, १ मिली प्रति लिटर, किंवा मायक्लोब्युटॅनिल १० डब्ल्यूपी, ०.४ ग्रॅम प्रति लिटर.
- एकाच गटाचं औषध हंगामात दोनदाच. हेक्झाकोनॅझोल आणि मायक्लोब्युटॅनिल एकाच गटातली आहेत, हे लक्षात ठेवा.
- काढणीपूर्व थांबा किती दिवसांचा, ते लेबलवर आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीत बघूनच फवारा. वायनरीच्या करारातली यादी वेगळी असेल तर ती पाळा.
- तोडणीच्या आधी किमान ३० ते ३५ दिवस गंधक पूर्ण बंद. सालीवर राहिलेलं गंधक आंबवण्यात गेलं की वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो.

गंधकाबद्दल अनुभवाची गोष्ट. कडाक्याच्या थंडीत पहाटे मारलेलं गंधक नुसतं पांढरं दिसतं, काम फार करत नाही. त्याची वाफ व्हायला ऊब लागते. दहा-अकरा वाजता, दव उडाल्यावर, ऊन पडल्यावर मारा.

भुरी आधी कुठे दिसते? हे कुठल्या शिफारशीत नाही, पण माझी नजर नेहमी तीन ठिकाणी आधी जाते: बांधावरच्या आंब्याच्या किंवा बाभळीच्या सावलीतल्या ओळी, शेततळ्याकडची टोकं, आणि जिथे काड्या सगळ्यात जोमदार आहेत तो तुकडा. घड हातात घ्या, आतले दोन मणी अंगठ्याने बाजूला करा, देठाच्या फाट्याशी बघा. राखाडी भुकटी पुसली गेली आणि खाली तपकिरी रेघा दिसल्या तर भुरी शिरली आहे. बाहेरून बघून घड स्वच्छ आहे म्हणू नका.

पालाश आणि बाटल्या

मणी फुगायला लागला की दुकानात नवीन बाटल्या येतात. ‘कलर’वाली, ‘शुगर’वाली, ‘शायनिंग’वाली. टेबल द्राक्षाचं शेड्यूल जसंच्या तसं वाईनच्या बागेला चिकटवलं जातं, आणि त्यात ०:०:५० (पालाशचं विद्राव्य खत) हमखास असतं. इथेच घात होतो. मण्यात पालाश जास्त गेला की रसाचा सामू चढतो. लाल वाईनसाठी रसाचा सामू ३.४ ते ३.६ हवा. ३.८ च्या वर गेला की रंगाची लाली जाते, वाईन सपक लागते आणि लवकर बिघडते. घड सावलीत असला तरी त्यातला पालाश आणि सामू चढतो. म्हणजे झाकलेली बाग, डॉगरिज खुंट आणि वरून ०:०:५० असं तिहेरी झालं की थंडीने दिलेला सगळा आंबटपणा गेला समजा.

पान-देठ परीक्षण करून पालाश कमी निघाला तरच द्या. रंगासाठी बाटली घेण्याआधी तेच पैसे पानं काढणाऱ्या मजुरीला घाला. दुकानदाराने उधारीवर दिलं म्हणून घेऊ नका. ती उधारी तोडणीला वसूल होते आणि माल परत आला तरी फिटत नाही. जीएचं डिपिंग (मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं) वाईनच्या द्राक्षाला लागतच नाही. मणी बारीक राहू द्या. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाईनचा रंग आणि वास सालीतच असतो.

नेहमीची कामं
- काड्या तारांत उभ्या बसवणे
- शेंडा मारणे, वरच्या तारेच्या थोडं वर
- फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणे
- कमजोर काडीवरचे आणि एकमेकांत गुंतलेले घड कमी करणे
- ओळीतले तण काढणे
- ड्रिपचे फिल्टर आणि लॅटरल धुणे
- पाणी उतरल्यावर पाणी हळूहळू कमी करणे, एकदम तोडू नये
- पिठ्या ढेकणासाठी खोड आणि ओलांडे (वेलीचे आडवे हात) तपासणे, मुंग्यांची रांग दिसली की तिथे आधी
- पारा ७-८ अंशांखाली जाणार असेल तर पहाटे हलकं पाणी

तोडणीचा अंदाज

अजून दोन महिने आहेत, पण वायनरीशी आत्ताच बोलून ठेवा की नमुना कोण घेणार आणि सामू कोण मोजणार. नमुना म्हणून गोड दिसणारे मणी वेचू नका. वेगवेगळ्या ओळींतून, दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून आणि टोकावरून मिळून २०० मणी घ्या. ब्रिक्स २२ ते २४, सामू ३.६ च्या आत आणि बी तपकिरी, असं तिन्ही जुळलं की तोडा. ब्रिक्स एखाद्या अंकाने कमी असला आणि पुढे उष्ण आठवडा दिसत असेल तर मी तोडणीच्या बाजूचा आहे. त्या आठवड्यात साखर वाढेल, पण आंबटपणा परत येणार नाही. तोडणी पहाटे सुरू करा, क्रेट उन्हात ठेवू नका.

नोव्हेंबरमध्ये उशिरा छाटलेल्या बागांचा फुलोरा अजून व्हायचा आहे. त्यांची तोडणी भर उन्हाळ्यात जाईल, म्हणून त्यांनी पूर्वेचीही दोनच पानं काढावीत, आणि तीही फुलोरा संपून टोप्या झडल्या की त्याच आठवड्यात.