एक्सेलची नवी आवृत्ती घ्यावी का? निर्णय आपल्या फाइलीवरून कसा करावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या अनेक अडत दुकानांचा हिशेब वर्षानुवर्षे एकाच एक्सेल फाइलीत चालत आलेला असतो. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, खरेदीदाराची उधारी, सारे त्या एका फाइलीत. अशा दुकानदाराला कोणी “एक्सेल जुने झाले, नवे घ्या” असे सांगितले की तो नव्या आवृत्तीत काय काय आले आहे याची यादी मागवतो. अशा दुकानांच्या फाइली अनेक वर्षे हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सुरुवात त्या यादीपासून करू नये. जी फाइल एक दिवस उघडली नाही तर दुकानाचे काम थांबेल ती समोर घ्यावी आणि सध्याची आवृत्ती तिला कुठे अडवते आहे, हे पाहावे.

पहिली अडचण जागेची असू शकते. एक्सेल २००३ पर्यंतच्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम मावत. २००७ पासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम अशी झाली. हंगामात रोज दीडशे नोंदी करणाऱ्या दुकानाला जुनी मर्यादा सुमारे ४३७ दिवस पुरते. मात्र एक्सएलएस या जुन्या प्रकारातली फाइल नव्या एक्सेलमध्ये नुसती उघडल्याने जागा वाढत नाही. ती एक्सएलएसएक्स या नव्या प्रकारात साठवून, बंद करून पुन्हा उघडावी लागते. फाइलीत मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणाऱ्या लिहून ठेवलेल्या आज्ञा) असतील तर साठवताना एक्सएलएसएम हाच प्रकार निवडावा, कारण एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाहीत. थोडक्यात, २००७ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेल्याला केवळ जागेसाठी नवी घेण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे आणि तो मी जागेपेक्षा गंभीर मानतो. एक्सेल ज्या ऑफिस संचाचा भाग आहे, त्यातल्या ऑफिस २०१० चे साहाय्य मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२० रोजी, २०१३ चे ११ एप्रिल २०२३ रोजी, तर २०१६ आणि २०१९ या दोन्हींचे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. २०२१ साठी १३ ऑक्टोबर २०२६ आणि २०२४ साठी ९ ऑक्टोबर २०२९ ही मुदत आहे. मुदत संपली म्हणून कार्यक्रम बंद पडत नाही, पण त्यातल्या नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी कोणी बुजवत नाही. ज्या संगणकावर परराज्यांतल्या खरेदीदारांच्या फाइली मेलने किंवा व्हॉट्सॲपने येतात, तिथे एवढे एक कारण नवी आवृत्ती घेण्यास पुरेसे आहे. ज्या संगणकाला इंटरनेट नाही आणि बाहेरचा पेनड्राइव्हही लागत नाही, त्याच्यासाठी नव्या आवृत्तीची घाई नाही.

तिसरे, आपली फाइल कोणाकोणाकडे जाते ते लिहून काढावे. सीएंच्या कार्यालयात एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्गणीवर मिळणारी आवृत्ती) असेल आणि त्यांनी तुमच्या फाइलीत एक्सलुकअप किंवा फिल्टर ही यादीतून हव्या त्या नोंदी शोधणारी नवी सूत्रे घातली, तर २०१६ किंवा २०१९ मध्ये ती फाइल उघडल्यावर आधी काढलेले आकडे बरोबर दिसतात, पण ते सेल पुन्हा मोजले गेले की तिथे ‘नेम’ (#NAME?), म्हणजे सूत्र ओळखता आले नाही, ही चूक येते. सुरुवातीला सारे ठीक दिसते, हाच यातला धोका आहे. अशा वेळी जुनी व्हीलुकअपच वापरण्याची विनंती सीएंना करणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. दर महिन्याला फाइल जात-येत असेल तर मात्र दोन्हीकडे सारखी आवृत्ती असणेच बरे.

आता मराठी नावांविषयी. ज्या दुकानांत शेतकऱ्यांची नावे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, तिथे फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सारी नावे अगम्य दिसू लागतात आणि दिवाणजी समजतात की नव्या एक्सेलने फाइल बिघडवली. दोष आवृत्तीचा नसतो, पण नवी आवृत्ती आणल्याने तो बराही होत नाही: युनिकोडमध्ये (खरी देवनागरी अक्षरे साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत) टाइप केलेले नाव जुन्या यादीतल्या त्याच नावाशी जुळत नाही, म्हणून शोध आणि व्हीलुकअप दोन्ही रिकाम्या हाताने परततात. बदलाआधी तो फॉन्ट नव्या संगणकावर रीतसर बसवून घ्यावा. नावे युनिकोडमध्ये आणण्याचे काम वेगळे धरावे आणि ते त्याच आठवड्यात करू नये, कारण या रूपांतरात जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या बिघडू शकतात. आष्टा, म्हैसाळ, कवठेमहांकाळ अशी गावे एकेक करून वाचून तपासावी लागतात. प्रत्येक शेतकऱ्याला क्रमांक देऊन सूत्रे त्या क्रमांकावर चालवली, तर पुढचा बराच त्रास टळतो.

फाइलीत मॅक्रो असतील तर ते लिहून देणाऱ्याला आधी विचारावे. २०१९ पासून ऑफिस आपोआप ६४ बिट प्रकारात बसते. जुन्या ३२ बिट प्रकारासाठी बनवलेली ॲड-इन (एक्सेलला जोडलेले छोटे कार्यक्रम), उदाहरणार्थ वजनकाट्याचे वजन थेट सेलमध्ये आणणारी, आणि कॅलेंडरातून तारीख निवडण्याची जुनी सोय त्यात चालत नाहीत. बसवताना ३२ बिट निवडता येते, पण ते आधी ठाऊक हवे.

यानंतर चाचणी. शक्यतो दुसऱ्या संगणकावर नवी आवृत्ती बसवून फाइलीची प्रत उघडावी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ या कळा एकत्र दाबल्या की सारी सूत्रे नव्याने मोजली जातात. त्यानंतर मागील मार्चअखेरची एकूण अडत, पोत्यांची संख्या आणि येणे बाकी जुन्या छापील कागदाशी रुपया-रुपयाने ताडून पाहावी. छापील कोऱ्या पट्टीवर एक प्रिंट काढावी, कारण आकडे चौकटीबाहेर सरकलेले असू शकतात.

चाचणीत तारखा विसरू नयेत. नवा संगणक अनेकदा अमेरिकी तारीखपद्धतीवर आलेला असतो. त्यावर ०५/०६ टाइप केले की ५ जून न होता ६ मे होते आणि १३/०६ ही तारीख न राहता नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटते. मी काम पाहत असलेल्या एका दुकानात अशाने जूनची उधारी मे महिन्यात धरली गेली आणि खरेदीदाराला जवळजवळ महिन्याचे व्याज जादा लागले. पैसे परत केले, पण त्या माणसाला तोंड दाखवताना मला फार वाईट वाटले. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये ‘इंग्लिश, इंडिया’ निवडल्यास तारीख आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम दोन्ही जागेवर येतात.

पैशाचा हिशेब पाच वर्षांचा करावा. एकदाच पैसे भरून घेतलेली प्रत एका संगणकापुरती असते आणि तिच्यात पुढची आवृत्ती मिळत नाही. वर्गणीची प्रत नेहमी अद्ययावत राहते, पण वर्गणी थांबवली की फाइल वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही. मॅक्रो नसलेल्या साध्या खतावणीसाठी लिबरऑफिस मोफत आहे आणि त्याचीही परीक्षा वरच्याच पद्धतीने घ्यावी.

बदल करायचा ठरल्यास मार्च महिना आणि हळदीच्या आवकेचे दिवस टाळून श्रावणाच्या सुमारास करावा. त्या दिवशी जुन्या फाइलीच्या नावापुढे ‘बंद’ असे लिहून ती फक्त वाचण्यापुरती ठेवावी, नाहीतर एक दिवाणजी जुन्या फाइलीत आणि दुसरा नव्या फाइलीत नोंदी करत राहतो. तिची आणखी एक प्रत दुकानाबाहेर, उंचावरच्या घरात असावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.