स्ट्रोकच्या रुग्णाची बबल टेस्ट: जोर नीट लागला तरच निकाल खरा

साठीच्या आतल्या माणसाला स्ट्रोक झाला, मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, ईसीजीत गडबड नाही, तर हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली फट, म्हणजे पीएफओ, शोधायलाच हवी. चारातल्या साधारण एका प्रौढात ती असते, त्यामुळे ती सापडली की तेच कारण असं लगेच धरू नये.

सुरुवात टीसीडीने, म्हणजे कवटीबाहेरून अल्ट्रासाउंडने मेंदूच्या धमनीतला प्रवाह बघण्याने, करावी. बबल टेस्टमध्ये हाताच्या शिरेत बारीक बुडबुडे सोडून ते फटीतून मेंदूच्या धमनीत पोचतात का ते बघायचं. भूल नाही, उपाशी राहणं नाही. उजव्या कोपरातल्या शिरेत 18 किंवा 20 नंबरचा कॅन्युला लावा. मनगटाजवळच्या बारीक शिरेतून द्रव वेगाने जात नाही. थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) 10 मिलीच्या दोन लुअर-लॉक सिरिंज जोडा (साध्या सिरिंज दाबाने निसटतात). एकीत 9 मिली सलाइन आणि 1 मिली हवा घ्या. दहाएक वेळा जोराने इकडून तिकडे फिरवा, द्रव दुधाळ झाला की वरचा मोठा बुडबुडा काढून टाका आणि लगेच एका दमात द्या. थांबलात तर बुडबुडे एकत्र येऊन वर गोळा होतात.

2 मेगाहर्ट्झचा प्रोब कानशिलावर ठेवून 50 मिमीच्या आसपास मधली मेंदूधमनी पकडा. वयस्कर बायकांचं हाड जाड असलं तर तिथून लहरीच जात नाहीत. मग मानेच्या मागून पाहावं किंवा थेट इको करावा.

पहिलं इंजेक्शन शांत श्वासावर. दुसऱ्यात इंजेक्शन सुरू झाल्यावर 5 सेकंदांनी जोर लावायचा (व्हॅल्साल्व्हा; याने मिटलेली फट उघडते), 10 सेकंद टिकवायचा. टेस्ट बहुतेक वेळा फसते ती इथेच. ‘व्हॅल्साल्व्हा करा’ म्हणून कुणाला कळत नाही. ‘तोंड-नाक बंद ठेवून, शौचाला बसल्यावर लावता तसा जोर लावा’ म्हटलं की कळतं. तोंड वाकडं झालेल्याच्या गालातून हवा सुटते, नळीत फुंकणं जमत नाही. त्याच्या पोटावर हात ठेवून ‘माझा हात पोटाने ढकला’ म्हणावं. बोलणं समजत नसेल त्याला स्वतः करून दाखवावं. सुई टोचण्याआधी दोनदा सराव घ्या आणि स्क्रीनवर धमनीचा वेग खाली येतो का ते बघा. वेग उतरला नाही तर जोर लागलेला नाही.

बुडबुडा आला की चिवचिवल्यासारखा आखूड आवाज येतो आणि ठिपका रेषेच्या एकाच बाजूला चमकतो. रुग्ण बोलला, जबडा हलला तर खूण दोन्ही बाजूंना उमटते; ती मोजू नका. एका धमनीत 1 ते 10 ठिपके म्हणजे लहान शंट (उजवीकडून डावीकडे रक्ताची गळती), 10 च्या वर मोठा, आणि ठिपके वेगळे मोजताच येईनात तर त्याला ‘कर्टन’ म्हणतात.

टीसीडीवरून फट हृदयात की फुफ्फुसात हे ठरत नाही. ते इको सांगतो: उजवा कप्पा भरल्यावर 3 ठोक्यांच्या आत डावीकडे बुडबुडे आले तर बहुधा पीएफओ, 5 ठोक्यांनंतर आले तर फुफ्फुसाकडे संशय. फटीची लांबी आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा फुगवटा बघायला टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून इको, करावा, 90 ते 110 अंशांच्या बायकॅव्हल (दोन्ही महाशिरा दिसणाऱ्या) कोनात. पण गुंगी जास्त दिली की जोर कमी पडतो. हातातून दिलेले बुडबुडे खालच्या महाशिरेच्या प्रवाहाने पडद्यापासून दूर ढकलले जातात तेव्हा मांडीच्या शिरेतून द्यावे लागतात.

टीईईला 6 तास उपाशी राहावं लागतं. विरार, कर्जतहून पहाटेची लोकल पकडून येणाऱ्याला शुगरच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गिळण्याचा त्रास आहे का ते विचारा. गुंगीनंतर त्याला एकट्याने लोकलने पाठवू नका. सोबत माणूस हवाच.

रिपोर्टात इंजेक्शनं किती, कुठल्या शिरेतून, वेग किती उतरला आणि बुडबुडे किती हे लिहावं. जोर लागलाच नसेल तर ‘निगेटिव्ह’ लिहू नये. ‘तपासणी अपुरी’ लिहून पुन्हा बोलवावं.