पळायचं साताऱ्यात, शाळा आफ्रिकेतली: पहिल्यांदा निधी उभा करणाऱ्यांसाठी

मदतीचा एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. घाट, बूट, पाणी, सगळं पुढे सांगते, पण हे आधी. पायाला आलेला फोड चार दिवसांत सुकतो. ‘पाठवले बघ’ म्हणत फोनवर जमा झालेले सत्तर-ऐंशी हजार मात्र पुढची दोन वर्षं झोप उडवतात.

होतं असं, की साताऱ्याची शर्यत पळायची आणि त्या निमित्ताने ओळखीच्यांकडून केनियातल्या किंवा टांझानियातल्या मुलांच्या शिक्षणासाठी देणगी मागायची, असं ठरतं. तिथं काम करणाऱ्या परदेशी संस्थेचं देणगीचं पान इंग्रजीत, रक्कम पौंडात किंवा डॉलरमध्ये, तिथं यूपीआय चालत नाही. शेजारचे काका म्हणतात, “ते कार्डाचं आम्हाला जमत नाही, तुझ्याच नंबरवर टाकतो.” सोपं वाटतं. दोन महिन्यांत सव्वाशे जणांचे पैसे एका बचत खात्यात येऊन बसतात आणि मग एकामागून एक गाठी बसायला लागतात.

पहिली गाठ आयकराची. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम नुसतीच हातात आली, तर फक्त वरची नव्हे, सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. ‘हे माझे नव्हते, मी मधला माणूस होतो’ हे कागदावर दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि व्हॉट्सॲपचे मेसेज हा फार कच्चा कागद आहे.

दुसरी गाठ पैसे बाहेर पाठवताना. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या योजनेप्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आता वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, देणगीही त्यात बसते. त्यामुळे मर्यादेची चिंता नको. चिंता आहे ती बँकेच्या अर्जावरच्या एका ओळीची. हे पैसे माझे स्वतःचे आहेत, असं त्यात सही करून लिहून द्यावं लागतं. सव्वाशे जणांच्या पैशावर ती सही म्हणजे खोटं लिहून देणं. काउंटरवरचा माणूस ‘करा हो, सगळेच करतात’ म्हणाला तरी करू नका, सहीखाली नाव तुमचं असतं. पतसंस्थेतून परदेशात पैसे जातच नाहीत, तेव्हा तिथल्या खात्यात जमवून पुढचं पुढे बघू, हा विचारही सोडा.

तिसरी धर्मादाय आयुक्तांची. गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात, ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली. पोवई नाक्यावर डबा घेऊन उभं राहणं किंवा स्वतःचं पावतीपुस्तक छापणं हे त्याच कायद्यात येतं. आपला हेतू चांगला आहे म्हणून तो कायदा आपल्याला लागू होत नाही, असं नाही.

चौथी गाठ लोकांच्या तोंडची: “८०जी मिळेल का?” म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर मिळत नाही. हे मेसेजच्या पहिल्या चार ओळींतच लिहा, शेवटी बारीक अक्षरात नको. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत तशीही नसते, त्यामुळे हे ऐकून मागे हटणारे वाटतात त्यापेक्षा कमी निघतात.

एवढं वाचून घाबरू नका. मार्ग सरळ आहे: देणाऱ्याचा पैसा देणाऱ्याच्या कार्डावरून थेट संस्थेच्या पानावर. तुमच्या नावाचं, तुमच्या शर्यतीचं पान संस्थेच्याच संकेतस्थळावर उघडून घ्या. पावती तिथून थेट देणाऱ्याच्या ईमेलवर जाते आणि आकडा सगळ्यांना उघड दिसतो. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतात, परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचा असतो. पुष्कळ देणग्या इथंच अडतात. कार्ड चालत नाही असा फोन आला की आधी हेच विचारा. रुपयाचे पौंड होताना बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी कापते, तेही आधी सांगा. आणखी एक, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी: परदेशी पानावर पुष्कळदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात. म्हणून व्यवहारापुरती मर्यादा लावायची, पैसे गेले की परदेशी व्यवहार पुन्हा बंद करायचा. पहिली देणगी स्वतःची करा, सगळ्यात छोट्या रकमेची. प्रत्येक पडद्याचा फोटो काढा आणि खाली मराठीत दोन-दोन ओळी लिहून तो संच मेसेजसोबत पाठवा. माझ्या मते या संचाने जेवढा निधी येतो, तेवढा कुठल्याही भावनिक व्हिडिओने येत नाही.

ज्या आजोबांकडे कार्डच नाही, त्यांचे पाचशे रुपये त्यांच्या पुण्यातल्या मुलाने किंवा नातीने भरावेत. तुम्ही नाही.

एक आडवाट हमखास सुचवली जाते. ‘आमच्या ट्रस्टच्या खात्यात टाका, ८०जी पण देतो आणि पुढे पाठवतो.’ माणसं भली असतात, पण भारतातल्या धर्मादाय संस्थेने देशाबाहेर केलेल्या खर्चावर करसूट सहज मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. ती मंजुरी दाखवा म्हणावं. दाखवली तर उत्तम, नाही तर नमस्कार करून उठावं.

संस्था कशी निवडायची? इंग्लंड किंवा वेल्समध्ये नोंदलेली असेल तर तिथल्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत क्रमांक टाकून तिचे हिशेब घरबसल्या वाचता येतात. अमेरिकेतल्या संस्थांचं वार्षिक विवरणपत्रही खुलं असतं. ते वाचायचा कंटाळा आला, तर दुसऱ्यांच्या खिशात हात घालायचा अधिकार आपल्याला नाही. मग संस्थेला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: एका मुलाच्या एका वर्षात नेमका कशावर किती खर्च होतो?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘तिथं मुलांना फी परवडत नाही’ हे अर्धंच खरं आहे. सरकारी प्राथमिक शाळेची फी मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये, केनियाने २००३ मध्ये काढून टाकली. टांझानियाने २०१६ पासून माध्यमिकच्या खालच्या वर्गांचीही काढली. तरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत मिळून सुमारे ९ कोटी ८० लाख मुलं-मुली शाळेबाहेर आहेत, असा युनेस्कोचा २०२२ चा आकडा आहे. फी गेली तरी गणवेश, वह्या, परीक्षा शुल्क, दुपारचं जेवण आणि लांबच्या माध्यमिक शाळेत राहण्याचा खर्च उरतोच. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं मिळतात, खिचडी शिजते, त्यामुळे हा खर्च आपल्या डोळ्यांपुढे चटकन येत नाही. देणाऱ्याला ‘एका मुलीचा गणवेश आणि वह्या’ असं सांगता आलं की रक्कम आपोआप ठरते. रडक्या चेहऱ्यांचे फोटो मात्र वापरू नका. आपल्या लेकराचा तसा फोटो आपण कुणाला वाटू दिला नसता.

“आपल्याकडं काय कमी गरज आहे, आफ्रिका कशाला?” हे ऐकावं लागणारच. चिडू नका, प्रश्न रास्त आहे. साताऱ्यात त्याचं उत्तर द्यायला लांब जावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातली पोरं जगली ती घराघरांतून मुष्टिफंडाच्या मूठमूठ धान्यावर आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी विकलेल्या दागिन्यांवर. मूठ देणाऱ्याने पोराची जात विचारली नाही आणि गावही विचारलं नाही. एवढं शांतपणे सांगायचं. ज्याला इथल्याच शाळेला द्यायचंय, त्याला इथल्या शाळेचा पत्ता द्यायचा. वाद घालून देणगी येत नाही.

मागायची वेळ चुकवू नका. सातारा हिल मॅरेथॉन साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात असते, म्हणजे ऐन वर्गणीच्या दिवसांत. तेव्हा मागायला गेलात तर तुमच्या आधी तीन मंडळं येऊन गेलेली असतात. पान जूनच्या सुरुवातीला उघडा, पहिला मेसेज पगार झाल्यावर एक ते दहा तारखेच्या आत. आधी जवळच्या वीस-पंचवीस जणांना नावानिशी, एकेकट्याला. मोठ्या ग्रुपवर नंतर. रिकामं पान ग्रुपवर टाकलं की रिकामंच राहतं, त्यावर दहा-बारा नावं दिसायला लागली की पुढचे हात सैल होतात. ‘दर किलोमीटरला अमुक रुपये’ हे ऐकायला छान वाटतं, पण पंधराव्या किलोमीटरला पाय गेला तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पूर्ण रक्कम शर्यतीच्या आधी, तुम्ही पळा अगर न पळा.

आता पळण्याकडे. रोजच्या सरावाचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून फक्त जिथं माणसं पडतात तेवढंच सांगते. साताऱ्याची शर्यत २१ किलोमीटरची, शहरातून निघून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि तोच घाट उतरून परत. सगळे चढाला घाबरतात, मारतो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतो, त्याचे तंतू फाटतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. उतारावर पाऊल छोटं, टाच पुढे फेकायची नाही, अंग मागे टाकायचं नाही, पाऊल कमरेच्या खालीच पडलं पाहिजे. हे शर्यतीत शिकता येत नाही. शेवटच्या आठ आठवड्यांत दर दहा दिवसांनी एकदा, आधी दोन किलोमीटर, मग चार, मग सहा, असा उताराचाच सराव करा. बुटात अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडून निघतात.

जून ते ऑगस्ट घाटात पाऊस, धुकं आणि वरून सुटणारे दगड. दरडीच्या बातम्या असतील त्या दिवशी वर जायचंच नाही, कुरणेश्वर किंवा अजिंक्यताऱ्याचा चढ चार वेळा करा, पायांना तेवढंच पुरतं. शनिवार-रविवारी कासकडे जाणाऱ्या गाड्या उजाडताच सुरू होतात. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, चमकणारं जॅकेट घालून, एका कानातही गाणं न लावता पळायचं. ओल्या मोज्याने फोड येतात. बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन, सुती मोजे अजिबात नकोत.

दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. चिक्कीत शेंगदाण्याचं तेल असतं, पळताना ती पोटात बसून राहते. कंदी पेढा शर्यत संपल्यावर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं; अर्ध्या लिटरात घातलं की घट्ट द्रावण पोटात ढवळतं. आणि तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरून भोवळ येते, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाजतो.

पूर्ण ४२.१९५ किलोमीटरच पळायचे असतील, तर साताऱ्याची अर्धी शर्यत पाया म्हणून धरा आणि जानेवारीतली मुंबई गाठा. मध्ये सोळा ते वीस आठवडे मिळतात. लांब पळ आठवड्याला दोन-तीन किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा, ३०-३२ चा सगळ्यात लांब पळ शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मुंबईत पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, यवतेश्वर केलेल्याला तो जड जात नाही. जड जाते ती दमट हवा.

मार्गदर्शक शोधताना साडेतीन तासांत पळणाऱ्याच्या मागे लागू नका. साडेपाच तास लावूनही दरवर्षी पूर्ण करणारी एखादी ताई किंवा काका शोधा. ऊन चढल्यावर काय होतं, पाणी कुठं संपतं, हे त्यांनाच माहीत असतं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, त्याच जिल्ह्यात आपण पळतोय. पण तिचा सराव आपला सराव नव्हे.

आफ्रिकेत जाऊन पळायची हौस असेल, तर केनियात लेवाची आणि टांझानियात मोशीची शर्यत आहे. लेवाची तर साधारण १,७०० मीटर उंचीवर, मातीच्या रस्त्यावर. जरूर जा, पण तिकीट स्वतःच्या पैशाने, आणि तसं पानावर लिहून. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या, प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवतात.

शर्यत झाल्यावर तीन दिवसांच्या आत प्रत्येक देणाऱ्याला वेगळा मेसेज, त्यात वेळ आणि एकूण जमलेली रक्कम. केनिया आणि टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, गणवेश आणि वह्यांची खरेदी त्याआधी होते. म्हणून पान ३१ ऑक्टोबरला बंद करा. फेब्रुवारीत संस्थेला विचारा की किती मुलांचं काय घेतलं. आलेलं उत्तर मराठीत करून सगळ्यांना पाठवा, पाचशे रुपये देणाऱ्या त्या आजोबांना मात्र घरी जाऊन वाचून दाखवा.